डाव्या कवाडाचा इतिहास

कॉलेजात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. प्राचार्यांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे, आणि पुढे पुढे त्यांची बायकोसुद्धा. पण ती फक्त टोमणा मारायचा असेल तेव्हा. छत्तीस वर्षं त्यांनी त्या कॉलेजातली बाकं, खिडक्या, फळे आणि कपाटं दुरुस्त केली. शेवटची दहा वर्षं ते खरोखर उत्तम सुतार होते. त्याआधीची बरीच वर्षं बरे होते. आणि अगदी सुरुवातीला काय होते, हे ते स्वतःच सांगत: "ज्या लाकडाचं नशीब फुटकं, ते माझ्या हातात यायचं."

नोकरी लागली ती बायकोच्या मामांमुळे. मामा कॉलेजात हेडक्लार्क होते आणि "आमचे जावई सुतारकामात वाघ आहेत" असं त्यांनी वरपर्यंत सांगून ठेवलं होतं. या वाघाने तोवर आयुष्यात दोन स्टुलं आणि एक कोंबड्यांचं खुराडं केलं होतं. खुराड्यातल्या कोंबड्या दुसऱ्याच दिवशी बाहेर फिरताना दिसल्या. पण मामांच्या शब्दाला वजन होतं, आणि बावीस वर्षांचा हा जावई पटाशी, रंधा आणि करवत घेऊन कॉलेजच्या मागच्या अंगणातल्या वर्कशॉपमध्ये रुजू झाला.

कॉलेज जुनं. अकरा विद्यार्थ्यांवर सुरू झालेलं, काळ्या दगडी इमारतीचं, आणि रीतिरिवाजांनी इतकं भरलेलं की नव्या माणसाला पहिले सहा महिने आपण नेमके कुठे चुकलो तेच कळत नसे. पहिल्या वर्षाच्या मुलांनी मधल्या हिरवळीवरून चालायचं नाही. वाचनालयातली खिडकीजवळची खुर्ची पहिल्या ग्रंथपालांची, तिच्यावर बसायचं नाही. शेवटच्या वर्गातल्या बाकांच्या खालच्या अंगाला कॉलेज सोडून जाणारी मुलं आपली नावं कोरत. ती नावं कुठल्याही सुताराने रंधून काढायची नाहीत. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात एक अख्खं बाक उलटं करून गुळगुळीत केलं. बावीस नावं भुशात गेली. एक म्हातारे प्राध्यापक तो भुसा बघून जवळजवळ रडलेच. त्यात त्यांचं आणि त्यांच्या पत्नीचं, अशी दोन्ही नावं होती.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी एक धडा घेतला. इथे सगळं काही रीतीने चालतं, आणि रीत म्हटली की कोणी उलट प्रश्न विचारत नाही. धडा चुकीचा नव्हता. त्यांनी तो वापरला मात्र भलत्याच ठिकाणी.

मुख्य इमारतीचं दार म्हणजे कॉलेजची शान. सागवानी, दोन माणसांएवढं उंच, दोन कवाडांचं, प्रत्येक कवाडावर मुठीएवढी पितळी कडी. डावं कवाड फुगून घट्ट झालं होतं आणि तीन-चार वर्षं कोणी ते उघडायच्या भानगडीत पडलं नव्हतं. सुट्टी लागल्यावर मामा म्हणाले, "आता हे दार मोकळं करा. तुमची लायकी दिसू दे लोकांना."

लायकी दिसली. मिस्त्रींनी कवाड उतरवलं, खालून रंधलं, आणि पुन्हा चढवताना चौकटीत नवे स्क्रू मारायला घेतले. आधी गिरमिटाने भोक पाडायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. पण तितका धीर नव्हता. तिसऱ्या स्क्रूला चौकटीचा उभा खांब वरपासून कमरेपर्यंत तडकला. आवाज असा झाला की झाडावरची पाखरं उडाली. कवाड बिजागऱ्यांवर नुसतं नावाला लटकत होतं. कोणी ढकललं असतं तर ते त्याच्या डोक्यात बसलं असतं.

मिस्त्री तिथेच पायरीवर बसले. आता मामांना काय सांगायचं? बायकोला काय सांगायचं? मग ते उठले, चार इंची अठरा स्क्रू घेतले आणि आतल्या बाजूने ते कवाड चौकटीला, उंबऱ्याला आणि वरच्या तुळईला पक्कं ठोकून टाकलं. चिरेत सरस आणि भुसा भरला, वर लांबी भरून गुळगुळीत केलं, रंग दिला. काम इतकं सफाईदार झालं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. नंतर ते म्हणत, "त्या दिवशी मी पहिल्यांदा चांगलं सुतारकाम केलं. दार उघडू नये म्हणून."

कॉलेज उघडलं त्या सकाळी प्राचार्य दारापाशी आले. हे प्राचार्य दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावाहून आले होते. कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक बोलण्याचे. त्यांनी डावं कवाड हाताने ढकललं. मग खांद्याने ढकललं. मिस्त्री खालच्या पायरीवर हत्यारांची पिशवी घेऊन उभे होते आणि त्यांची पाचावर धारण बसली होती.

"काय हो, हे उघडत का नाही?"

मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "ते उघडत नसतात, साहेब."

"नसतात म्हणजे?"

"जुना शिरस्ता आहे. डावं कवाड बंदच ठेवायचं."

प्राचार्य कवाडापासून मागे सरले. त्या दोन महिन्यांत बिचाऱ्यांना बऱ्याच गोष्टी माहीत नसल्याचं लोकांनी दाखवून दिलं होतं. हिरवळीवरून चालून झालं होतं, ग्रंथपालांच्या खुर्चीवर बसून झालं होतं. आजूबाजूला चार प्राध्यापक उभे होते. प्राचार्यांनी कोट सारखा केला आणि म्हणाले, "हो, हो. माहीत आहे मला. तुम्हाला माहीत आहे का, तेच बघत होतो."

ज्या प्राध्यापकांनी ते दार उघडं पाहिलं होतं, त्यांना वाटलं, प्राचार्यांनी जुन्या कागदांत काहीतरी वाचलं असेल. मामांना सगळं एका नजरेत कळलं. पण वाघ त्यांनीच आणला होता, त्यांच्या तोंडाला कुलूप. आणि मिस्त्रींना वाटलं, वेळ मारून नेली, आता महिनाभरात गुपचूप दुरुस्त करून टाकू.

तो महिना छत्तीस वर्षांचा झाला.

थाप एकदा मोकळी सुटली की तिला पाय फुटतात, हे मिस्त्रींनी रोज डोळ्यांनी पाहिलं. पहिल्याच वर्षी मुलांमध्ये पसरलं की संस्थापक शेवटचे त्या कवाडातून बाहेर पडले आणि परतले नाहीत. पुढच्या वर्षी कोणीतरी शोध लावला की विद्यापीठात पहिला येईल त्याच्यासाठीच ते उघडायचं. मग परीक्षेला जाताना त्या डाव्या कडीला हात लावायची पद्धत पडली. उजवी कडी काळवंडून गेली आणि डावी सोन्यासारखी लखलखायला लागली. नव्या मुलांच्या स्वागताच्या भाषणात प्राचार्य सांगू लागले: "उजवं कवाड येणाऱ्यांचं, डावं गेलेल्यांच्या आठवणीचं." टाळ्या पडत. मागे भिंतीला टेकून मिस्त्रीही टाळ्या वाजवत. न वाजवून सांगतात कोणाला?

शंभराव्या वर्षी तर कहर झाला. कॉलेजने पितळी पाटी करून आणली: "हे कवाड संस्थेच्या स्थापनेपासून बंद आहे." ती बसवायची कोणी? मिस्त्रींनीच. आधी गिरमिटाने भोकं पाडली, मोजून चार स्क्रू मारले, ओळंबा धरून पाटी सरळ केली. तोवर हात चांगला बसला होता.

घरी हे फक्त बायकोला माहीत होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं आणि ती पोट धरून हसली होती. त्यानंतर घरात कसलाही वाद झाला, की ती म्हणे, "बरोबर आहे, तुमचंच खरं. तुम्ही इतिहास लिहिणारे, आम्ही आपले साधे लोक."

लेक त्याच कॉलेजात शिकायला आली तेव्हा मात्र मिस्त्रींचं हसू आटलं. परीक्षेच्या पहिल्या सकाळी ते वर्कशॉपच्या खिडकीतून बघत होते. लेक दारापाशी आली, डाव्या कडीवर हात ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. चांगलं अर्धं मिनिट. मिस्त्रींच्या हातातला रंधा तसाच राहिला. दुनियेला शेंडी लावली त्याचं काही नाही. पण ही पोर? रात्र रात्र अभ्यास करून ती आपल्या बापाच्या अठरा स्क्रूंसमोर डोळे मिटून उभी होती. त्या दिवशी घरी गेल्यावर सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्यावर तिने पेपर छान गेल्याचं सांगितलं, आणि मग त्यांना तोंड उघडवेना. तीन वर्षं ती तशीच उभी राहिली आणि तीन वर्षं ते तसेच खिडकीत. ती पास झाली, दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायला लागली, आणि ती गोष्ट पोटातच राहिली.

मिस्त्रींची निवृत्ती चार महिन्यांवर आली तेव्हा कॉलेजला सव्वाशे वर्षं होत होती. इतिहासाच्या मॅडमवर कॉलेजचा इतिहास लिहायचं काम आलं. या मॅडम म्हणजे भिंगातून वाचणाऱ्या. एका दुपारी त्या एक जुना फोटो घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या आणि भुसा झटकून स्टुलावर बसल्या.

"मिस्त्री, हा पंचाहत्तराव्या वर्षाचा फोटो. पन्नास वर्षांपूर्वीचा. जरा बघा."

मिस्त्रींनी चष्मा लावला. फोटोत पाहुणे इमारतीत शिरत होते. दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती आणि डाव्या कवाडातून एक जाडा गृहस्थ हसत हसत आत येत होता.

"पाटीवर लिहिलंय, स्थापनेपासून बंद," मॅडम म्हणाल्या. "मग हा गृहस्थ आला कुठून?"

मिस्त्रींनी फोटो खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. थाप मारायला वाव होता. सण-समारंभाला उघडत असतील, असं म्हटलं असतं तर मॅडमनी तेही टिपून घेतलं असतं. पण छत्तीस वर्षं वाहून वाहून त्यांना कंटाळा आला होता.

"मॅडम, तुम्ही जो इतिहास शोधताय ना," ते म्हणाले, "तो तुमच्या पुढ्यात बसलाय. शिक्षण सातवी."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. तडकलेला खांब, अठरा स्क्रू, प्राचार्यांचा कोट, मामांचं कुलूप, पाटीचा ओळंबा. मॅडम आधी लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेन ठेवलं. मग पदराने डोळे पुसले. त्या हसत होत्या.

"हे मी छापणार," त्या म्हणाल्या.

"छापा. पण माझा उल्लेख नको."

"असं कसं? साक्षीदारच नाही तर ती अफवा झाली. आणखी एक अफवा हवीय का या दाराला?"

मिस्त्रींना नाही म्हणता येईना. आठ दिवसांनी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. आत्ताचे प्राचार्य याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. टेबलावर मॅडमचं ते प्रकरण पडलं होतं.

"बसा. हे खरं आहे?"

"हो, साहेब."

"सगळं?"

"स्क्रू सतरा असतील. एक बहुतेक वाकला होता."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मिस्त्री, मी तीन वर्षं त्या कडीला हात लावून परीक्षेला गेलो! पहिल्या वर्गात पास झालो!"

"तुम्ही अभ्यास केला असेल, साहेब."

"नव्हता केला! म्हणून तर विचारतोय!"

प्राचार्यांनी ते प्रकरण मिटून बाजूला ठेवलं. मग प्राचार्यांच्या ओठाचा कोपरा हलला, आणि मिस्त्रींनी सुटकेचा श्वास टाकला. नोकरीचा विषय निघायच्या आत त्यांनी आपलं मागणं पुढे केलं: "साहेब, मला ते दार दुरुस्त करू द्या. तेव्हा येत नव्हतं. आता येतं. जायच्या आधी एवढं करू द्या."

प्राचार्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "समारंभाच्या दिवशी दोन्ही कवाडं उघडी हवीत," ते म्हणाले. "आणि कोणाच्या डोक्यात पडता कामा नये."

लागोपाठ चार सुट्ट्या होत्या. पहिल्या दिवशी मिस्त्री स्क्रू काढायला बसले. चौदा आले, चारांची डोकी तुटली. ती छिन्नीने उकरताना घामाच्या धारा लागल्या. पहारेकरी शेजारी उभा होता, तो वैतागून म्हणाला, "कोणत्या गाढवाने मारलेत हो हे?"

"ओळखीतला आहे," मिस्त्री म्हणाले.

कवाड उतरवायला पहारेकरी, दोन माळी आणि ग्रंथालयातला शिपाई असे चौघे लागले. मग मिस्त्रींनी चौकटीचा तडकलेला भाग कापून काढला. खाली त्यांनीच भरलेला भुसा आणि सरस दगडासारखा झाला होता. बावीस वर्षांच्या पोराने किती जीव तोडून लपवाछपवी केली होती, ते बघून त्यांना त्याचा राग येईना. थोडी दयाच आली. त्या जागी त्यांनी जुन्या सागाचा नवा तुकडा सांधला. असा, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. दोन दिवस सरस वाळू दिला. चौथ्या दिवशी प्रत्येक भोक आधी गिरमिटाने पाडलं, नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि चौघांना हाक मारली. कवाड चढलं. मिस्त्रींनी एका बोटाने ढकललं. ते आवाज न करता, सावकाश, भिंतीपर्यंत गेलं. मिस्त्रींनी ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. शेवटी पहारेकरी म्हणाला, "मिस्त्री, पुरे आता. झिजेल."

समारंभाला जुने विद्यार्थी लोटले. लेकही आली, आईला घेऊन. दोन्ही कवाडं उघडी होती, पाटी काढून मॅडमच्या कपाटात गेली होती. पाहुणे डाव्या कवाडातून ऐटीत आत गेले. आणि त्यांच्या मागे? मागे कोणीच नाही. सगळी गर्दी उजव्या बाजूला. म्हातारे माजी विद्यार्थी रेटारेटी करत, एकमेकांच्या पायांवर पाय देत उजवीकडूनच शिरत होते. डावी बाजू मोकळी, उन्हाने भरलेली, आणि एक माणूस तिकडे फिरकेल तर शपथ. मिस्त्री स्वतः आत जायला निघाले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपणही उजव्या रांगेत उभे आहोत.

ते बाजूला झाले. लेक जवळ आली तसं त्यांनी तिला कोपऱ्यात नेलं.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "हे दार..."

"तुम्ही फोडलंत ते?"

"मॅडमनी दाखवलं?"

"आईने सांगितलं. मी सहावीत होते तेव्हा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती अगदी मन लावून छताची नक्षी बघत होती.

"मग परीक्षेच्या दिवशी हात कशाला लावायचीस? डोळे मिटून?"

"बाबा, तुम्ही खिडकीतून बघायचात," लेक म्हणाली. "मी हात लावला नसता तर तुम्हाला वाटलं असतं, मला कळलंय. तुम्हाला किती वाईट वाटलं असतं!" मग हसून म्हणाली, "आणि डोळे कुठे मिटत होते? खाली बघून हसू आवरत होते."

इतकी वर्षं मिस्त्रींना जे खुपत होतं ते असं एका वाक्यात निघालं. त्यांना धड हसू येईना, धड रडू. बायको म्हणाली, "चला आता, सगळे लाडू... नव्हे, सगळ्या खुर्च्या संपतील," आणि तिघं आत गेले. कोणत्या कवाडातून गेले, ते त्या गडबडीत कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पुस्तक निघालं. मॅडमनी सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं, मिस्त्रींच्या फोटोसकट. गंमत अशी झाली की कोणी विश्वासच ठेवला नाही. माजी विद्यार्थी मिस्त्रींचा खांदा थोपटून म्हणत, "काय छान गोष्ट रचलीत हो! पण खरं काय आहे, ते आम्हाला माहीत आहे." परीक्षा तोंडावर आल्या तशा तिसऱ्या वर्षाच्या मुली अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेल्या: कवाड बंद ठेवा, नाहीतर हात कशाला लावायचा? प्राचार्यांनी वर्धापनदिनाला उघडायचं आणि एरवी बंद ठेवायचं, असा हुकूम काढला. मिस्त्रींनी आतून एक साधी, सरळ कडी बसवली.

निरोपाच्या दिवशी त्यांना बोलायला सांगितलं. छत्तीस वर्षं थाप निभावलेल्या माणसाला चार शब्द जुळवता येईनात. "चुकलं ते माफ करा, जमलं ते वापरा," एवढं म्हणून ते बसले.

त्यांच्या जागी नव्या मिस्त्रीबाई आल्या. तिशीच्या, डिप्लोमा केलेल्या. आठवड्याभरात एका दुपारी त्या मिस्त्रींच्या घरी हजर. वाचनालयातल्या मोठ्या टेबलाचा एक पाय कापताना अर्धा इंच जास्त गेला होता.

"मग? साहेबांना काय सांगितलंत?" मिस्त्रींनी घाईने विचारलं.

"काय सांगणार? चुकून जास्त कापला, असं सांगितलं."

"आणि ते काय म्हणाले?"

"बरं म्हणाले. दुरुस्त करा म्हणाले. म्हणून विचारायला आले, तुकडा जोडू की बाकीचे तीन पाय कापू?"

सरळ सांगून टाकायचा हा मार्ग मिस्त्रींना छत्तीस वर्षांत एकदाही सुचला नव्हता. स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं.

"पाय कापू नका," ते शेवटी म्हणाले आणि चपला शोधायला उठले. "त्याच लाकडाचा तुकडा आहे माझ्याकडे. चला, मी येतो."